एक उपाशी, तर सगळ्या उपाशी

मेकन, जॉर्जिया
१८ ऑगस्ट

व्हर्लीन,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न फोडताच कचऱ्यात टाकणार होतीस, हो ना? फोडलंस ते बरं झालं.

आपण बोलत नाही, हे मला ठाऊक आहे. तू तुझ्या चर्चच्या व्यासपीठावर उभी राहिलीस, कॉलेजातल्या आपल्या भगिनीमंडळाची, ऑमिक्रॉन टाऊची, शपथ शब्दन्‌शब्द वाचून दाखवलीस, ही मूर्तिपूजा आहे म्हणत मंडळाचं जांभळं जॅकेट कात्रीने कापलंस आणि खालची सगळी सभा ‘आमेन’ म्हणाली. तो व्हिडिओ माझ्या शाळेतल्या पोरांपर्यंत पोचला. गणिताच्या तासाला मागच्या बाकावरून एकाने विचारलं, “मिस, तुम्हीपण त्या बाईसारख्या मेणबत्त्यांच्या पाया पडायचा का?” त्या दिवसापासून या घरात तुझं नाव निघत नाही. तरी लिहितेय, कारण पोरगी माझी आहे आणि बाप्तिस्म्याच्या वेळी तिला हातात धरणारी धर्ममाता तू आहेस.

कॅमरिन विल्मरला आपल्याच कॉलेजात आलीय. वसतिगृहात खोली मिळालीय, तुझ्या घरापासून चालत जाण्याइतकी जवळ. तू दर रविवारी कॉलेजातल्या पोरापोरींना जेवायला बोलावतेस असं टाऊमधल्या आपल्या बेटीनाकडून कळलं. हिलाही बोलाव. नवव्या वर्षापासून तिला साखरेचा आजार आहे. सुई स्वतःची स्वतः घेते, त्याची चिंता नाही. पण अभ्यासात डोकं घातलं की जेवायचं विसरते. हात थरथरायला लागले, विनाकारण चिडली, की आधी तिला ज्यूस दे, मग काय उपदेश करायचा तो कर.

एवढंच सांगायचं होतं. आणि हो, वसंतात ती टाऊमध्ये यायचं म्हणतेय. माझी आई होती, मी आहे, आता ही. तिचं मन वळवायला जाऊ नकोस. तू तुझ्या देवाचं बघ, मी माझ्या देवाचं बघते. माझ्या मते तो एकच आहे, पण तो वाद आता नको.

रोशेल


मेकन
९ ऑक्टोबर

व्हर्लीन,

तुझ्या मॅकरोनीचं कौतुक ऐकून माझे कान किटले.

“मम्मा, आंटी व्हर्लीन चीज घालताना कंजुषी करत नाही.”

“म्हणजे मी करते?”

“मी कुठे तसं म्हटलं?”

बाई, अठरा वर्षं मी हिला भरवलं आणि तुझ्या चार रविवारांत मी कंजूष ठरले. असो. पोरगी खातेय, हसतेय, एकटी पडली नाही, याबद्दल तुझे आभार मानते. मानायला जड जातंय, पण मानते.

एक मात्र विचारायचं होतं. परवा फोनवर मध्येच तिने विचारलं, “मम्मा, तू टाऊची झालीस तेव्हा गुडघे टेकले होतेस ना? कोणापुढे?”

मी म्हटलं, “फरशीपुढे. फरशी फार गार होती.”

ती हसली नाही. माझ्या याहून फालतू विनोदांना हसलेली पोरगी आहे ती.

तिथे काय होतं हे तुला माझ्याइतकंच माहीत आहे. पांढऱ्या कापडाचं टेबल, मेणबत्त्या, मंडळ काढणाऱ्या त्या सात बायकांची तसबीर आणि उघडं बायबल. बायबल होतं, व्हर्लीन. व्यासपीठावरून सांगताना तू ते तेवढं गाळलंस. कॅमरिनलाही गाळूनच सांगितलंस का?

आणखी एक. ती म्हणाली, आंटीच्या मते मनातली भीती गेली की साखरही खाली येते. तू असं म्हणाली नसशील. आजकालची पोरं अर्धंच ऐकतात.

इकडे सगळं ठीक. घर मोठं वाटतं, इतकंच.

रोशेल


मेकन
३० नोव्हेंबर

व्हर्लीन,

आज ‘प्रिय’ लिहिणार नाही. एरवी लिहिते अशातला भाग नाही.

थँक्सगिव्हिंगला कॅमरिन घरी आली. दारातच थांबली. दिवाणखान्यात माझ्या आईचा जांभळ्या पोशाखातला फोटो आहे, तो काढल्याशिवाय आत पाऊल टाकणार नाही म्हणाली. मला वाटलं, थट्टा करतेय. माझी आई, जिने हिला मांडीवर घेऊन पहिलं स्तोत्र शिकवलं, तिच्या फोटोची हिला भीती वाटत होती. मी फोटो काढला. टर्की थंड होत होती, आणि मला पोरगी आत हवी होती.

दुसऱ्या दिवशी मी दुकानातून परत आले तर मागच्या अंगणात पालापाचोळा जाळायच्या पिंपातून धूर येत होता. माझं जॅकेट. तुझ्यासारखं कात्रीने कापलं नाही तिने, सरळ पेटवलं. बाहीवरचा ‘दोन’ आकडा तेवढा जळायचा राहिला होता. आपण चौघी एकत्र टाऊमध्ये आलो तेव्हा रांगेत उंचीप्रमाणे उभ्या राहायचो तो माझा आकडा. बेटीना एक, मी दोन, तू तीन, ती लंबूटांग ग्वेन चार.

मी ओरडले. ती अजिबात चिडली नाही, आणि मला तेच जास्त लागलं. माझा हात धरून समजूत काढल्यासारखी बोलली, “मम्मा, आजीने शपथ घेतली, मग तू घेतलीस. बायबलात लिहिलंय, पाप तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत पोचतं. तिसरी मी आहे. ती शपथ माझ्या रक्तात साखर होऊन उतरलीय.”

“कोणी सांगितलं तुला हे?”

“कळलं मला.”

“कोणी कळवलं?”

“तू त्याग कर, मम्मा. सगळ्यांसमोर. मग मी बरी होईन.”

व्हर्लीन, हा आजार माझ्या नवऱ्याच्या चुलत्याला होता, त्याच्या आईला होता. त्यांच्यातलं कोणी कधी कॉलेजच्या दारातही गेलं नव्हतं. हे मी तिला सांगितलं. ती माझ्याकडे अशा दयेने बघत राहिली की मला तिथे बसवेना.

तू जे काही पेरलंयस ते उपट. उरलेली सगळी भांडणं मी तुला माफ करते, पण हे तू तिच्या डोक्यातून काढ. मी तुला घाबरून हे लिहितेय. पुढची वाक्यं तीनदा खोडली, म्हणून इथेच थांबते.

रोशेल


मेकन
१४ जानेवारी

व्हर्लीन,

तुझं कार्ड मिळालं. ‘पश्चात्ताप कर, म्हणजे मूल वाचेल.’ खाली सहीसुद्धा नाही. वाचेल म्हणजे काय? कशातून वाचेल? मरायला टेकलीय का ती?

वसतिगृहातली खोली सोडून ती तुझ्या घरी राहायला आली, हे मला कॉलेजच्या ऑफिसातून कळलं. फोन उचलत नाही. उचललाच तर मागे तुझ्याकडे राहणाऱ्या इतर पोरांचं प्रार्थनेचं गाणं चालू असतं आणि ती कुजबुजल्यासारखी बोलते. नव्या वर्षाचा उपास धरलाय म्हणाली. दिवसभर फक्त पाणी.

“आणि सुई?”

“जेवण कमी तर औषधही कमी. गणित तुझंच आहे ना, मम्मा?”

हे गणित नाही. तुला समजावं म्हणून लिहिते, आणि तिलाही वाचून दाखव: तिच्या शरीरात ते औषध बनतच नाही. पोट रिकामं असलं तरी सुई लागते. नाही मिळाली तर रक्त आंबत जातं. आधी तहान, मग उलट्या, मग श्वास जोरजोरात आणि तोंडाला सडक्या फळांचा वास. त्यानंतर झोप. ती झोप म्हणजे शांती नव्हे, एवढं लक्षात ठेव.

कॅमरिनचं म्हणणं असं, की मी तुमच्या सभेत उभी राहून ऑमिक्रॉन टाऊचा त्याग केला की ती उपास सोडेल. तुला वाटत असेल, ही हट्टी बाई एका जॅकेटापायी पोटच्या पोरीला उपाशी ठेवतेय. मग ऐक. मी त्या फरशीवर गुडघे टेकले तेव्हा प्रार्थना केली होती. माझ्या आईच्या देवाची. मला चांगली शिक्षिका कर, आणि या तिघींना माझ्यापासून तोडू नकोस, असं मागितलं होतं. आता सभेत उभं राहून ती सैतानाची पूजा होती असं म्हणायचं? बायबलावर हात ठेवून खोटं बोलायचं, आणि तेही देवासाठी? मला जमत नाही, व्हर्लीन. रोज ठरवते, उद्या जाऊन म्हणून टाकू. आणि रोज जीभ उचलत नाही. पोरीहून मोठं काही नसतं असं मीच सगळ्यांना सांगत आले. आता मला माझीच भीती वाटते.

तिला खायला सांग. तुझं ऐकते ती. माझं ऐकत नाही.

रोशेल


विल्मर, तुझ्या घरासमोरून
२२ जानेवारी

व्हर्लीन,

ही चिठ्ठी दाराखालून सरकवतेय, कारण घंटा वाजवून हात दुखले. पोलीस येऊन गेले. पोरगी खिडकीशी आली, शुद्धीत होती, स्वतःच्या मर्जीने आहे म्हणाली. वयात आलेली आहे, म्हणून ते परत गेले.

तिचा चेहरा मी पाहिला. तू रोज पाहतेस, म्हणून तुला कळत नसेल.

आता खिडकीतून खाली बघ. तिघीजणी फुटपाथवर उभ्या आहेत, आणि पन्नाशी ओलांडलेल्या बायकांनी असं उभं राहणं काही शोभत नाही. बेटीना पुढे, तिच्या खांद्यावर माझा हात. माझ्या मागे एका माणसाची जागा मोकळी. त्यामागे ग्वेन. गुडघा सुजलाय तिचा, तोंड तर सुटलंच आहे.

“तीन नंबर आजही उशिराच,” म्हणते. “तेव्हा केसांमुळे व्हायचा, आता प्रभूमुळे.”

बेटीना म्हणते, “गप गं, ऐकेल ती.”

“ऐकू दे की. त्यासाठीच तर ओरडतेय.”

आम्ही सकाळपासून काही खाल्लेलं नाही आणि खाणार नाही. नियम तू विसरली नसशील. एक उपाशी, तर सगळ्या उपाशी. टाऊच्या मोठ्या मुलींनी तो आपल्याला छळायला केला होता. एकीने ताट संपवलं नाही की चौघींची ताटं उचलायची. पण त्या वर्षी तुझ्या आईच्या होलिनेस पंथाच्या चर्चचा मोठा उपास आला. तू रडत होतीस, की माझ्यामुळे तुम्ही का मरता. आठवतं, बेटीना काय म्हणाली? कॅथलिक पोरगी, जपमाळ खिशात. “आम्हालाही थोडं पुण्य लागू दे की.” मी मेथडिस्ट, आमच्यात तसला उपास नाही. ग्वेनचा बाप मुसलमान आणि ती स्वतः कशातच नाही, रविवार झोपण्यासाठी असतो म्हणायची. तरी तिघींनी तुझा उपास तुझ्याबरोबर पूर्ण केला. कोणी कोणाच्या देवाला नाव ठेवलं नाही.

ती मूर्तिपूजा होती का, व्हर्लीन? तसं असेल तर खाली येऊन माझ्या तोंडावर सांग. नसेल, तर वर पोरीला सांग.

रोशेल


विल्मर, हॉस्पिटल, तिसरा मजला
२४ जानेवारी

व्हर्लीन,

ग्वेन म्हणते, तुझी गाडी पार्किंगमध्ये सकाळपासून उभी आहे आणि तू आत बसून आहेस. हे ती तुझ्या काचेवर आणून देईल. तुझ्यावर ओरडायचं नाही असं मी तिला बजावलंय, पण तिची हमी देत नाही.

परवा तू तिला खायला सांगितलंस, हे मला माहीत आहे. चिठ्ठी वाचून तू उघडलेलं दार तसंच राहिलं होतं, जिन्यावरचं सगळं खाली ऐकू आलं. तुझा आवाज फाटला होता. “ऊठ बाळा, सुई घे. मी चुकले. देवाला असं नको असतं.”

आणि ती शांतपणे म्हणाली, “तुम्हीच शिकवलंत ना आंटी, येशू सांगतो तसं, नांगराला हात लावून मागे वळून बघणाऱ्याचं ऐकायचं नाही म्हणून? मी तुमच्यासाठी प्रार्थना करते.” मागची पोरं ‘आमेन’ म्हणाली. तुझी पोरं. पुढच्याच क्षणी ती पडल्याचा आवाज आला.

इथे आणली तेव्हा शुद्ध नव्हती, म्हणून डॉक्टरांना जे करायचं ते करता आलं. काल डोळे उघडले. उघडले आणि हातातली नळी काढून टाकली.

डॉक्टर बाई तरुण आहे, भली आहे. मला बाजूला घेऊन म्हणाली, “ती सज्ञान आहे, मॅडम. शुद्धीवर आहे, विचारलेलं सगळं नीट सांगते. ती नको म्हणाली की आमचे हात बांधलेले. पुन्हा शुद्ध हरपली तर बघू, पण प्रत्येक वेळी वेळेवर पोचू याचा भरवसा नाही.”

मग मी ते केलं. तुला आनंद व्हावा म्हणून सांगत नाही. पलंगाशेजारी गुडघे टेकले, तिचं बायबल उघडं होतं त्यावर हात ठेवला आणि तू व्यासपीठावर म्हटलेलं सगळं म्हटलं. मंडळाचा त्याग, शपथेचा त्याग, आईच्या शपथेचासुद्धा. टाऊची पिन काढून तिच्या हातात दिली. मला वाटलं, इतकंच होतं तर आधीच का नाही केलं.

कॅमरिनने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मी तिची आई की ती माझी, कळेना. म्हणाली, “मम्मा, तू मनापासून नाही म्हणालीस.”

खरं आहे, मनापासून नव्हतं. देवाला खोटं वाहिलं आणि पोरीनेही ते परत केलं.

आता माझ्याकडे द्यायला काही उरलं नाही. तुझं ती ऐकत नाही, माझं खरं वाटत नाही. म्हणून वर ये. बोलायला नको, प्रार्थनाही मोठ्याने नको. पलंगाच्या पायथ्याशी आम्ही तिघी उभ्या आहोत. माझ्या मागची जागा मोकळीच आहे. ग्वेन सरकून भरू बघत होती, मी भरू दिली नाही. नर्सने सूप आणून ठेवलंय, त्यावर साय धरलीय. कॅमरिन आता ग्वेनहूनही उंच झालीय, बघितलंस का तू? रांगेत उभी राहिली असती तर शेवटचा नंबर तिचाच असता.

ये गं. मी तुला न्यायला खाली आले तर ही इकडे झोपेल, अशी धास्ती वाटते.

रोशेल


मेकन
२७ फेब्रुवारी

प्रिय व्हर्लीन,

तू घर बंद केलंस हे बेटीनाने सांगितलं. ती पोरं तर आधीच निघून गेली होती. तू ‘मागे वळून बघितलंस’ म्हणे, म्हणून आता त्यांनी दुसरीकडे कुठे तरी घर घेतलंय, आणि पत्ता कोणाला देत नाहीत. कॅमरिन त्यांच्याबरोबर आहे. हॉस्पिटलातून तिला इकडे आणण्यासाठी मी गाडी दाराशी लावायला गेले, तेवढ्यात ती त्यांच्या गाडीत बसली होती. काचेतून हात हलवला तिने.

तू लिहितेस की रोज माझी माफी मागतेस. मागू नकोस, मला त्याचं काय करायचं ते सुचत नाही. मीच तिला तुझ्या दाराशी पाठवलं, आणि तूच वर येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवलास. मला दोन्ही आठवतं. तुझा हात किती गार होता. बेटीनाची जपमाळ, ग्वेनचा तो लटपटणारा गुडघा. आपल्याला बघून बघून शेवटी पोरीने ताट ओढलं, दंड पुढे केला आणि म्हणाली, “तुमच्यासाठी घेते. तुम्ही म्हाताऱ्या उपाशी आहात म्हणून. तुमच्या मंडळासाठी नाही.” आपण चौघींनी रडत रडत त्या हॉस्पिटलच्या कँटीनमधली शिळी सँडविचं खाल्ली. मला वाटलं, संपलं.

त्या पोरांनी नवा व्हिडिओ टाकलाय. आता त्याग तुझ्या घराचा, तुझा आणि माझाही. कॅमरिन वाचते. मी आवाज बंद करून बघते, कारण शब्दांशी मला काही घेणं नाही. गळ्याची हाडं वर आलीत. ओठ सारखे चाटते. हातात कागद धरलाय आणि तो कागद हलतोय, शेवटपर्यंत हलतोय. ग्वेन म्हणते, पंखा लावला असेल. सगळ्यांच्या अंगात जाड कोट आहेत, हे मी तिला दाखवलं नाही.

औषधाच्या दुकानात दर दोन दिवसांनी विचारते. तिच्या सुईच्या औषधाची बाटली तिथेच आहे. दुसऱ्या दुकानातून घेत असेल. घेत असेल ना?

आज शाळेतून आल्यावर कॉलर्डची भाजी केली, मक्याचा पाव भाजला. ताट वाढलं आणि ते समोर ठेवून तुला लिहायला बसले. परवाही असंच केलं होतं, नंतर कुत्र्याला घातलं. तूही नीट जेवत नसशील, मला ठाऊक आहे. नियम कोणी कितीही कात्रीने कापला, जाळला, तरी आपल्या दोघींच्या अंगातून जात नाही.

तुला काही कळलं, कोणी तिला कुठे खाताना पाहिलं, तर आधी मला फोन कर. मग आपण दोघी जेवू.

तुझी,
रोशेल